फोटोखालची ओळ

शाळेत कात्रीबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकात उरलं होतं. बाकी पाचवीच्या पोरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या कात्रीबाईच. सुरुवातीला मुलं पाठीमागे म्हणायची, मग तोंडावर म्हणायला लागली. शेवटी खुद्द मुख्याध्यापकांनी भर सभेत "आता कात्रीबाई दोन शब्द बोलतील" असं जाहीर केलं आणि विषयच संपला. बाईंना राग नव्हता, उलट आतून गुदगुल्या व्हायच्या. पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी कायम लांब पात्यांची एक कात्री, आणि हाताला लागेल ते वर्तमानपत्र, मासिक, जाहिरातीचं पत्रक बाई जागच्या जागी कापायच्या. एकदा दवाखान्यात नंबर लावून बसल्या असताना तिथलंच मासिक कापताना पकडल्या गेल्या होत्या. घरी नवऱ्याने पेपर उघडला की मधोमध खिडकी. आज तरी बातम्या वाचायला मिळतील की नुसती भोकंच वाचू, हे त्या बिचाऱ्याचं रोजचं गाऱ्हाणं.

नववीला त्या भाषा शिकवायच्या. पण नाव झालं ते शुक्रवारच्या शेवटच्या तासामुळे. त्या तासाला पुस्तकं दप्तरात जायची आणि फळ्यावर एखादी बातमी, जाहिरात नाहीतर फोटो लागायचा. फळ्याच्या डाव्या कडेला पाच प्रश्न ऑइलपेंटने लिहून घेतलेले होते, म्हणजे कोणी हौशी पोरगा पुसायला गेला तरी पुसले जाऊ नयेत. कोणी सांगितलं? कोणाला सांगितलं? कशासाठी? काय दाखवलं? काय सोडलं? पाचव्या प्रश्नावर बाईंचा फार जीव. दिसतंय ते कोणीही सांगेल, मला नसलेलं सांगा, असं त्या म्हणायच्या. आणि मुलं सांगायची. साबणाच्या जाहिरातीत आई घासतेय, बाबा कुठे गेले? पुढारी झाडाला पाणी घालतोय, पण झारी तर बुटांवर रिकामी होतेय. ज्या शाळेत मुलं एरवी घंटेकडे कान लावून बसायची, तिथे शुक्रवारी शेवटच्या तासाला कोणी घड्याळाकडे बघत नसे. एवढं श्रेय बाईंना द्यायलाच हवं. पुढे जे सांगायचंय त्यात त्यांना देण्यासारखं फारसं काही नाही.

वर्षाचा पहिला तास ठरलेला होता. दोन पुठ्ठे. एकावर पांढरा कोट घातलेला हसरा माणूस, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात टूथपेस्टची ट्यूब. हा डॉक्टर नव्हे, कोट घातलेला नट आहे, हे वर्गाकडून काढून घ्यायला बाईंना पाच मिनिटं पुरायची. दुसऱ्या पुठ्ठ्यावर वर्तमानपत्रातलं काळंपांढरं कात्रण. कचेरीच्या पायऱ्या उतरणारा पन्नाशीचा एक माणूस, मान खाली, नाकाच्या खालचा सगळा चेहरा हातरुमालाने झाकलेला. वर मथळा, ‘रुग्णालयातील औषधे गायब, चौकशी सुरू’. बाई सांगायच्या, पहिला फोटो सजवलेला, दुसरा खरा. दुसऱ्यात सजवायला कोणाला वेळच मिळालेला नाही. "चेहऱ्याचं सोंग आणता येतं, हाताचं येत नाही. आधी हात बघा," हे त्यांचं वाक्य. मुलं हात बघायची आणि म्हणायची, बाई, हा लपतोय. बाई, यानेच ढापली औषधं. त्यावर बाई म्हणायच्या, मी काही म्हणत नाही हं, चौकशी चालू आहे. पण म्हणताना अशा हसायच्या की वर्गाला काय ते कळायचं.

त्या फोटोखाली नाव नव्हतं. ते बाईंनीच कापलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दरवर्षी न चुकता सांगायच्या, कोणाचीही अब्रू चव्हाट्यावर मांडायची नाही, म्हणून मी नाव उडवलं. मुलांना हे फार पटायचं. चौदा वर्षं, चौदा वर्गांना पटलं.

पंधराव्या वर्षी वर्गात एक नवीन मुलगी आली. वडिलांची बदली लांब कुठेतरी झाली म्हणून शिक्षणापुरती आजी-आजोबांकडे राहायला आलेली. अंगाने सडपातळ, आणि सगळं आधी पेन्सिलीने लिहून मग त्यावर पेन फिरवायची, त्यामुळे आठवड्याभरात तिचं नाव ‘पेन्सिल’ पडलं. बोलायची कमी. पहिल्या तासाला सगळा वर्ग रुमालवाल्यावर तुटून पडला तेव्हा ही गप्प होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही, पण नवीन आहे, रुळेल, असं म्हणून सोडून दिलं. मग नेहमीप्रमाणे त्या फोटोवर पाच प्रश्नांची उत्तरं लिहून आणायला सांगितली.

मंगळवारी मोकळ्या तासाला बाई वह्या तपासायला बसल्या. चाळीस वह्या आणि एकोणचाळीस वेळा तोच चोर. पेन्सिलच्या वहीत मात्र पहिली चार उत्तरं कोरी होती आणि पाचव्या प्रश्नाखाली दोनच वाक्यं: ‘फोटोखालची एक ओळ सोडली आहे. ती असती तर वरची चारही उत्तरं बदलली असती.’ बाईंना जरा वैतागच आला. चार ओळी लिहायचा कंटाळा आणि वर हा शहाणपणा. त्यांनी दहापैकी दोन दिले आणि लाल शाईत शेरा मारला: ‘ओळ कोणती? पुरावा देऊन लिहावे.’

पुरावा दुसऱ्याच दिवशी शिक्षकखोलीच्या दारात हजर झाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चौघडी घातलेला वर्तमानपत्राचा अख्खा कागद, कडांना पिवळी पडलेली चिकटपट्टी. आजीने तो पंधरा वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता आणि आज सुरीने सोडवून दिला होता. बाई म्हणाल्या, बरं, ठेव, वेळ मिळाला की बघते.

"ठेवायला नाही आणला, बाई. आजीला परत द्यायचाय," मुलगी म्हणाली. "तुम्ही नुसता वाचा."

बाईंनी चष्मा लावला. तोच मथळा, त्याच पायऱ्या, तोच रुमाल. आणि खाली, त्यांच्या पुठ्ठ्यावर जिथे फोटो संपत होता तिथे, बारीक अक्षरात माणसाचं नाव आणि पुढे: ‘औषधांची चोरी उघडकीस आणणारे रुग्णालयाचे भांडारपाल, जबाब देऊन बाहेर पडताना.’

चोर नव्हे. चोरी पकडून देणारा.

मुलगी हळू आवाजात सांगत होती. त्या दिवशी सकाळीच आजोबांची दाढ काढली होती. दुपारी जबाब द्यायला बोलावलं होतं, दुखतंय म्हणून टाळलं तर लोक काय म्हणतील, म्हणून ते तसेच गेले. रुमालावर रक्त होतं, पण फोटोत ते कळत नाही. पुढे खरे चोर सापडले, ते औषधं पुरवणारेच निघाले, पण तोवर आजोबा रस्त्याने निघाले की पोरं तोंडाला रुमाल लावून दाखवायला लागली होती. रुग्णालयातल्या नर्सची मुलं याच शाळेत होती. बिननावाचा माणूस कोण हे त्यांनी फोटो बघताक्षणी ओळखलं होतं. वर्षभर कसंबसं काढलं आणि आजोबांनी नोकरी सोडली. आता बाजाराच्या कोपऱ्यावर कात्र्या-सुऱ्यांना धार लावतात. लोक त्यांना रुमालकाका म्हणतात.

बाईंच्या हातातला कागद मुलीने हळूच काढून घेतला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. रुमालकाकांना बाई ओळखत होत्या. नुसत्या ओळखत नव्हत्या, ही कात्री आठ वर्षं त्यांच्याकडेच जात होती. गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतःच्या तोंडाने, अगदी लाडाने म्हटलं होतं, "रुमालकाका, पातं जरा बारीक काढा हं." पुसायच्या फडक्यावरून पडलं असेल नाव, अशी त्यांची समजूत होती. आठ वर्षं समोर उभ्या राहून हात बघत होत्या आणि हात ओळखले नाहीत.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, पण कसं, तर भाजी चिरता चिरता, सहज सांगितल्यासारखं. शाळेतल्या एका जुन्या कात्रणात जरा गफलत झाली म्हणे. घाईत कापलं असेल. शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत कापलेलं, पुठ्ठा लहान, खालची पट्टी मावत नव्हती, वर नाव काढायचं हे तत्त्व, त्यात ती ओळ गेली असेल. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, रोज तक्रारी ऐकून ऐकून निबर झालेला. तो म्हणाला, चौदा वर्षांत कोणी विचारलं नाही ना, मग पुठ्ठा बदल आणि मोकळी हो. बाईंना एकदम हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची लगेच इतकी लाज वाटली की त्यांनी चिरलेली भाजी उगाचच पुन्हा धुतली.

आता नेमकं त्याच शुक्रवारी त्यांचा नमुना पाठ होता. आसपासच्या शाळांमधले चाळीस शिक्षक बाईंचा तास बघायला येणार, मुख्याध्यापक आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चाललेले. पाठ ठरलेला होता तो त्या दोन पुठ्ठ्यांचाच. बाईंच्या मनात एकदा आलं, तिथेच सांगून टाकावं. सांगितलं तर तो खरा तास होईल हे त्यांना कळत होतं. पण चाळीस परके शिक्षक, मुख्याध्यापकांचं तोंड, आणि वीस वर्षांत कमावलेलं कात्रीबाई हे नाव. बाईंनी रुमालवाला कपाटामागे सारला आणि नवीन फोटो शोधला, दवाखान्यासमोरच्या रांगेचा.

पाठ म्हणाल तर झकास झाला. मुलं पोपटासारखी बोलली, पाहुण्यांनी वह्या भरभरून टिपणं घेतली. पेन्सिल तिसऱ्या बाकावर होती. बाईंनी पाचवा प्रश्न विचारला, "काय सोडलं?" आणि तिचा हात वर गेला. बाईंना वाटलं, ही आता सगळ्यांसमोर बोलणार. त्यांनी पहिल्या बाकाला विचारलं, मग खिडकीशी बसलेल्याला, मग पुन्हा पहिल्या बाकाला. हात वरच होता. थकल्यावर तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला, पण खाली घेतला नाही. बाई फळ्याकडे वळल्या, खडू शोधायचं नाटक केलं, आणि घंटा होईपर्यंत त्या बाजूला मान वळवली नाही. टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असतानाच तो हात खाली गेला, हे मात्र बाईंनी पाहिलं.

त्यानंतर सगळे चहा पीत होते तेव्हा दुसऱ्या शाळेच्या एक तरुण बाई जवळ येऊन म्हणाल्या, बाई, तुमच्याकडून धीटपणा शिकावा. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते कात्रीबाईंना तिथे, हातात कप धरून उभ्याउभ्या कळलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या बाजाराच्या कोपऱ्यावर गेल्या. म्हातारा पायाने चाक फिरवत एका शिंप्याच्या कात्रीला धार लावत होता. धार लावून झाली की तो पातं फडक्याने पुसायचा आणि वर्तमानपत्राची एक पट्टी कापून बघायचा, त्याच्या पायाशी अशा पट्ट्यांचा ढीग पडलेला असायचा. शिंपी जाईपर्यंत बाई बाजूला उभ्या राहिल्या. तेवढ्यात दोनदा परत जावंसं वाटलं. मग पुढे झाल्या आणि सवयीने पर्समधून कात्री काढून ठेवली, म्हाताऱ्याने तिला हातही लावला नाही.

"नात सांगत होती, तुम्ही बघितला कागद," तो म्हणाला.

बाईंनी मनात जुळवून आणलेली सगळी वाक्यं गेली कुठच्या कुठे. त्या एवढंच म्हणाल्या, काका, माझी चूक झाली. म्हाताऱ्याने त्यांना बसायला स्टूल सरकवलं. मग त्यानेच सांगितलं, न चिडता, दुसऱ्याची हकीकत सांगावी तसं. नोकरी सोडल्यावर इथे बसायला लागला त्याच वर्षी शाळेतली काही मुलं समोर उभी राहून तोंडाला रुमाल लावून हसत होती. त्याने एकाला जवळ बोलावून विचारलं. पोरगा गुणी होता, त्याने बाईंचा अख्खा तास म्हणून दाखवला, पाचही प्रश्नांसकट. "चांगलं शिकवता तुम्ही," म्हातारा म्हणाला. "त्याला सगळं पाठ होतं."

बाईंच्या तोंडून निघून गेलं, मग इतकी वर्षं माझी कात्री हातात घेत होता, तेव्हा बोलला का नाहीत? आणि बोलून झाल्यावर जीभ चावली. जसं काही चूक त्याचीच. म्हाताऱ्याने ते अंगाला लावून घेतलं नाही. तो म्हणाला, दोनदा आलो होतो शाळेच्या फाटकापर्यंत. खिडकीतून तुमचा आवाज येत होता, नसलेलं सांगा, नसलेलं सांगा. मला वाटलं, विचारतायत तर सांगेल एखादं पोर कधीतरी.

मग त्याने चाकावरचा पाय काढला. "मला एकच विचारायचं होतं. कापताना ती खालची ओळ तुम्ही वाचली होती का?"

उत्तर तयार होतं. घाई, पुठ्ठा लहान, मधली सुट्टी. नवऱ्याला सांगितलं होतं तेच, आणि तीन दिवस स्वतःलाही तेच सांगत होत्या. ते म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने मान डोलावली असती आणि बाई घरी जाऊन जेवल्या असत्या. पण तो त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता. मांडीवर एकात एक गुंतवून ठेवलेल्या, घामेजलेल्या त्यांच्या हातांकडे बघत होता. आणि बाईंना ती मधली सुट्टी आठवली. धूसर नाही, लख्ख आठवली. दोन आठवडे त्या ‘खरा’ फोटो शोधत होत्या. हा सापडला तेव्हा आनंदाने टेबलावर थाप मारली होती. मग खालची ओळ वाचली होती. वाचून वाईट वाटलं होतं, पण त्या माणसाबद्दल नाही, हातचा फोटो जातोय याचं. आणि मग नाव तसंही काढायचंच आहे, असं म्हणून नावाबरोबर ती सगळी पट्टी कापून केराच्या डब्यात टाकली होती.

"वाचली होती," बाई म्हणाल्या. "तासाला सोयीची नव्हती, म्हणून कापली."

समोरून एक हातगाडी गेली, तिला वाट द्यायला म्हाताऱ्याने पाय आत घेतले. "मला वाटायचं, वाचली नसेल," तो म्हणाला. "बायको म्हणायची, वाचली असणार. मी तिच्याशी भांडायचो. म्हणायचो, शिकलेली बाई आहे, मुद्दाम नाही करायची."

बाईंना रडू आलं. त्यांनी ते आवरलं, कारण इथे रडणं म्हणजे या माणसाकडून आणखी काहीतरी मागणं. त्या माफीचं बोलायला लागल्या तेव्हा त्याने हात वर करून थांबवलं.

"मला सांगून काय उपयोग? मला ती ओळ पाठ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." आणि कात्री उचलून त्यांच्या हातात दिली. "हिला धार आहे अजून."

सोमवारी बाईंनी पहिलाच तास मागून घेतला. कपाटामागून पुठ्ठा काढला, फळ्यावर लावला आणि त्याखाली कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीवर ती ओळ त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती, नाव वगळून. नाव लिहू का, हे त्यांनी रविवारी पुन्हा जाऊन म्हाताऱ्याला विचारलं होतं, तो नको म्हणाला होता. मग त्यांनी वर्गाला सगळं सांगितलं. फोटो कोणाचा हे नाही, तो काय होता आणि त्यांनी त्याचं काय केलं ते. वाचून कापली, हेही सांगितलं. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, हे परीक्षेला आहे का, पण त्याला बाकीच्यांनीच गप्प केलं. एक जण म्हणाला, पण बाई, तुम्हीच तर म्हणायच्या आधी हात बघा. बाई म्हणाल्या, हो, मीच म्हणायचे. चाळीस पोरं त्यांच्याकडे बघत होती आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंना फळ्यासमोर कुठे उभं राहावं ते कळेना. शेवटी त्यांनी पेन्सिलची वही मागून घेतली, सगळ्यांसमोर दोनाचे दहा केले, शेरा खोडला आणि खाली सही केली.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलाशी आली. बाईंना वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल, आणि आपल्याला ते सहन होणार नाही.

"बाई, शुक्रवारी तुम्ही मला विचारलंच नाहीत."

बाई म्हणाल्या, हो. मला भीती वाटली, तू आजोबांचं बोलशील.

मुलीला नवल वाटलं. "त्यांचं नव्हते बोलणार. आजोबांनी नको सांगितलं होतं, पाहुणे येणार आहेत म्हणून. मला रांगेच्या फोटोचं उत्तर येत होतं. रांगेत सगळी म्हातारी माणसं दिसत होती, त्यांना घेऊन येणारं कोणी दाखवलं नव्हतं. कोणालाच आलं नाही ते."

खरंच कोणाला आलं नव्हतं. त्या फोटोचं तेच उत्तर होतं, आणि बाईंना ते स्वतःच शेवटी फळ्यावर लिहावं लागलं होतं.

मुलीने वही दप्तरात घातली, दारापर्यंत गेली आणि परत वळली. "बाई, आमच्या वर्गाला कळलं. पण आधीच्या वर्गांना कोण सांगणार?"

बुधवारी दुपारी बाई निघाल्या. चौदा वर्गांपैकी पहिल्या वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा आता मोठ्या रस्त्यावरच्या तीन मजली दुकानाचा व्यवस्थापक होता, सुरुवात त्याच्यापासून करायची असं त्यांनी ठरवलं. बाई आल्याचं कळताच तो धावत खाली आला, त्यांना वर आपल्या खोलीत नेलं, स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला आणि दोन-चार कर्मचाऱ्यांना बोलावून सांगितलं, या माझ्या बाई, आज जो काही आहे तो यांच्यामुळे. बाई म्हणाल्या, अरे, मला तुला काही सांगायचंय. तो म्हणाला, सांगा हो बाई, पण आधी हे बघा.

भिंतीवर लहान लहान पडदे होते, दुकानाच्या प्रत्येक कोपऱ्यातलं चित्र त्यांत हलत होतं. तो कौतुकाने दाखवायला लागला. नवीन पहारेकरी आला की पहिल्या दिवशी मी त्याला तुमचा तास देतो, बाई. चेहरे बघत बसू नका म्हणतो, चेहऱ्याचं सोंग आणता येतं. आधी हात बघा. तोंडाशी रुमाल, पदर, काहीही दिसलं की दारात थांबवायचं आणि पिशवी उघडायला लावायची. सहा वर्षं हाच नियम आहे आमच्याकडे. आणि त्याने एका पडद्यावर बोट ठेवलं. "ती बघा, आत्ताच."

पडद्यावर साठीची एक बाई होती. डाव्या हातात पिशवी, उजव्या हाताने तोंडाशी रुमाल धरलेला. पहारेकऱ्याने तिला दारातल्या टेबलाशी उभं केलं होतं आणि ती एका हाताने पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढून मांडत होती. मागे थांबलेली माणसं तिच्याकडे बघत होती.

कात्रीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "आधी तिला जाऊ द्यायला सांग," त्या म्हणाल्या. त्याला काही समजलं नाही, पण बाईंचा शब्द म्हणून त्याने फोन उचलला आणि सांगितलं. पडद्यावरच्या बाईने वस्तू पुन्हा पिशवीत भरायला घेतल्या, रुमाल तोंडाशी तसाच होता.

"आता बस," बाई म्हणाल्या. "तुमच्या वर्गाला एक ओळ सांगायची राहिली होती."

तो खुर्ची ओढून समोर बसला, हात मांडीवर घेऊन, नववीत बसायचा तसाच.